निवृत्तीनंतरची दुपार : तुम्ही काय करता?

मुलुंडकर

मंडळी, नमस्कार. मार्चअखेरीला साठ पूर्ण होऊन बँकेतून निवृत्त झालो. निरोपसमारंभ, शाल-श्रीफळ, कुलदैवताचं दर्शन, रखडलेल्या तपासण्या, सगळं उरकलं. पैशाची व्यवस्था लावलेली आहे, तब्येत बरी आहे. त्यामुळे गुंतवणुकीचे सल्ले नकोत, ते काम मी जन्मभर केलं.

प्रश्न दुपारचा आहे. सकाळ फिरणं, भाजी आणि पेपरात जाते. संध्याकाळी कट्टा असतो. पण अकरा ते पाच? नोकरीत हीच वेळ सगळ्यात भरगच्च असायची. काउंटरवरची गर्दी, वरून येणारे फोन, डबा उघडायला तीन वाजायचे. आता त्याच वेळेला घरात चिडीचूप. मुलगा आणि सून आठवड्यातले बरेच दिवस घरूनच काम करतात, दोघांच्या मीटिंगा चालू असतात, हॉलमध्ये टीव्ही लावायची सोय नाही. दोन खोल्यांत चार मोठी माणसं दिवसभर, हे मुंबईत किती घरांत चाललंय ते वेगळं सांगायला नको.

"छंद जोपासा", "वाचन वाढवा" हे ऐकून झालंय. तुम्ही स्वतः दुपारी काय करता, ते कसं सुरू झालं आणि टिकलं का, एवढंच सांगा. महिला सदस्यांनीही जरूर लिहावं.

झोपाळू

जेवण, मग झोप, मग चहा. सहा तासांतले चार मार्गी लागले की! :)

मुलुंडकर

झोपाळू, दुपारी तास-दीड तास झोपलो की रात्री दोनपर्यंत पंख्याकडे बघत पडावं लागतं. करून पाहिलंय.

गोखले_रोड

ग्रंथालय. माझं उत्तर एका शब्दात. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालचं. घरी नेऊन पुस्तक वाचणं वेगळं आणि तिथे बसून वाचणं वेगळं. आजूबाजूला चार माणसं मान खाली घालून वाचत असली की आपलीही बैठक जमते. घरी मी दहा पानांवर उठायचो, कधी पाणी, कधी फोन, कधी बेल. तुमच्या मुलुंडातही वाचनालयं आहेत, पण माझा सल्ला असा की गाडीत बसून जावं लागेल असं ठिकाण निवडा. बाहेर जायचे कपडे घालणं, पास खिशात टाकणं, बाराची कमी गर्दीची लोकल पकडणं, यानेच अर्धी दुपार ताळ्यावर येते.

माहीमची_माई

मुलुंडकर, तुम्ही बोलावलंत म्हणून लिहिते, आणि स्पष्ट लिहिते.

मी शाळेत शिक्षिका होते, ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. आमचे हे त्याच वर्षी घरी बसले. तुमच्या सौभाग्यवती नोकरीत होत्या की नाही माहीत नाही, पण घर सांभाळणाऱ्या बाईला सकाळी सहापासून उसंत नसते. सगळे गेले, ओटा पुसला, कपडे वाळत घातले की जे दोन-तीन तास मिळतात तेच तिचे स्वतःचे. पेपर, बहिणीला फोन, पाय पसरून पडणं. नवरा निवृत्त होतो आणि नेमक्या त्याच वेळात हॉलमध्ये येऊन बसतो. वर "चहा टाकतेस का?" तुमची दुपार रिकामी झाली असेल, पण तिची होती ती गेली का, हे विचारलंत का तिला?

आमच्याकडे ठरलंय. दोन ते चार स्वयंपाकघर बंद. ज्याला चहा हवा त्याने करून घ्यायचा. यांना आता आलं किती ठेचायचं तेही कळतं.

लालबागची_सून

माई, तुमचा प्रतिसाद घरच्या ग्रुपवर टाकते आहे. +१००

मुलुंडकर

माई, आजच विचारलं. उत्तर आलं, "घरात बस, माझी काही हरकत नाही. पण दर अर्ध्या तासाने 'काय करतेस' म्हणून विचारू नकोस."

लालबागचा_मुलगा

धागा चांगला आहे, पण एक बाजू राहून जातेय. निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा हा प्रश्न पडायलासुद्धा पेन्शन लागते. मी अंधेरीत एका छोट्या कारखान्यात होतो. खाजगीतल्या ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शनची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. किमान म्हणजे अनेकांच्या हातात खरंच तेवढंच किंवा थोडं जास्त पडतं. मी दुपारी एका औषधाच्या दुकानात बिलं आणि साठ्याचा हिशेब बघतो. आवडतं म्हणून नाही, लागतं म्हणून. माझ्यासारखे या शहरात खूप आहेत. तुमच्या इमारतीच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसलेले काका बहुतेक साठीच्या पुढचेच असतील.

आता वडिलांचं सांगतो. ते गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा धड चालली नाही. निवृत्तीचं वय नसताना घरी बसले. पहिले काही महिने नुसते नाक्यावर उभे राहायचे. मग चाळीतल्या पोरांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून नव्या वह्या बांधायला लागले. शिकवलं कोणी नाही. पानं सारखी करून फळीखाली दाबून ठेवायची, टोच्याने भोकं पाडायची, मेणावरून ओढलेल्या दोऱ्याने शिवायची. मैद्याची खळ आई शिजवून द्यायची, त्यात किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ती निळसर खळ कोणी चाटू नये म्हणून डबा माळ्यावर. पुठ्ठा म्हणून साबणाच्या खोक्याचा. जूनमध्ये दारात पोरांची रांग असायची. पैसे कधी घेतले नाहीत, घरात चणचण होती तरी. आई त्यावरून बोलायची, आणि तिचंही बरोबर होतं. पण दुपारी ते वह्या बांधायला बसले की घरातलं वातावरण बदलायचं, हे मी पाहिलंय. मुलुंडकर, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर एवढंच की कोणालातरी लागणारं काम हवं.

गोखले_रोड

लालबागचा_मुलगा, प्रतिसाद दोनदा वाचला. मोरचूद घातलेली खळ आमच्याकडेही असायची, घरात वह्यांना कव्हरं घालायचा दिवस म्हणजे सणच.

सांताक्रूझ_पूर्व

नातवंडं आहेत का? असतील तर प्रश्नच मिटला. साडेतीनला शाळेची बस कोपऱ्यावर येते, नातीचं दप्तर माझ्या खांद्यावर आणि ती पुढे. कोणाशी भांडण झालं, डब्यातलं काय उरलं, बाईंनी कोणाला उभं केलं, सगळं घरी पोचेपर्यंत कळतं. तिच्या आईला रात्री यातलं काहीच सांगत नाही.

विक्रोळीकर_काकू

असहमत. नातवंडं आनंदाची, पण त्यांना सांभाळणं हे पूर्णवेळ काम आहे आणि पासष्टीत गुडघे साथ देत नाहीत. माझी धाकटी बहीण सकाळी आठ ते संध्याकाळी आठ दोन पोरांमागे असते. दुखलं-खुपलं तरी बोलत नाही, कारण पाळणाघराचे पैसे मुलाला परवडणार नाहीत. बसस्टॉपवर आणायला जाणं वेगळं आणि दिवसभराची जबाबदारी वेगळी. आजी-आजोबांना आठवड्यातून ठरलेली सुट्टी हवी, आणि ती मुलांनी आपणहून द्यावी.

सांताक्रूझ_पूर्व

काकू, सुट्टीचं पटलं. आमच्याकडे शनिवार-रविवार सुटी असते, म्हणून मला इतकं गोड वाटत असेल.

परळ_नाका

दुपारची वेळ सगळ्यात जास्त कुठे लागते ते सांगतो : हॉस्पिटलांत. मी आठवड्यातल्या ठरलेल्या वारी एका संस्थेतर्फे परळला जातो. केईएम, टाटा, वाडिया, सगळी जवळजवळ. टाटा हॉस्पिटल १९४१ सालचं, देशभरातून माणसं येतात. विदर्भातला शेतकरी, बिहारमधला मजूर, कोणी बंगालमधून. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात एक्स-रे, रिपोर्ट, जुने केसपेपर, सगळं एकात एक.

माझं पहिलं काम ती पिशवी लावून देणं. तारखेप्रमाणे रिपोर्ट वेगळे, एक्स-रे आणि स्कॅन वेगळे, आणि बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक एका डबीत, नाव लिहून. गावच्या प्रयोगशाळेने फक्त कागद दिला असेल तर इथले डॉक्टर स्लाइड आणि ब्लॉक मागतात, आणि त्यापायी माणसाची पुन्हा गावाकडे फेरी होते. निघण्याआधीच फोनवर एवढं कोणी सांगितलं तर एक खेप वाचते. मग रांग कुठली, कुठल्या मजल्यावर, महाराष्ट्रातला रुग्ण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि ओळखपत्र जवळ आहे का. राहायची सोय नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी कशी करायची.

दोन गोष्टी मात्र पक्क्या पाळा. परस्पर जाऊन उभे राहू नका, संस्थेमार्फत किंवा हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाला विचारून जा. आणि औषधपाण्याबद्दल एक अक्षर बोलू नका. "आमच्या मेहुण्यांना असंच झालं होतं" हे वाक्य तिथे चुकूनही उच्चारायचं नाही. संध्याकाळी घरी आलो की पाय दुखतात, पण जेवण चवीने जातं.

गोरेगावकर

आम्ही उलटं केलं होतं. निवृत्त झाल्याबरोबर गावी गेलो, गुहागरच्या बाजूला. घर डागडुजी करून घेतलं, कलमं लावली. दुपार म्हणजे पडवीतला झोपाळा. पहिलं वर्ष फार सुखात गेलं. पण बायकोच्या मैत्रिणी इथे, हृदयाचा डॉक्टर इथे, आणि पावसाळ्यात दिवे गेले की दोन-दोन दिवस येत नाहीत. परत गोरेगावला आलो. आता शिमगा, मे महिना आणि गणपती गावी, बाकी इथे. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून फुकट, आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं. त्यामुळे ये-जा परवडते.

फोर्ट_ते_बोरिवली

आणि रेल्वेची सवलत? मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच. पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५० टक्के होती. कोकण रेल्वेने वर्षातून चार वेळा जाणाऱ्या जोडप्याला तो फरक चांगलाच जाणवतो.

गोरेगावकर

अगदी. करोना गेला, गाड्या भरून धावायला लागल्या, सवलत काही आली नाही. खासदारांना पत्रं पाठवतोय.

माहीमची_माई

विषय दुपारचा आहे हो. सवलतीसाठी वेगळा धागा काढा, मीही लिहीन त्यावर.

माझं राहिलं सांगायचं. मी अंध विद्यार्थ्यांसाठी क्रमिक पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते, घरीच, मोबाइलवर. दोन ते चारमध्ये. पंखा बंद ठेवावा लागतो नाहीतर घरघर येते, त्यामुळे मे महिन्यात कठीण जातं. धड्याच्या सुरुवातीला पुस्तकाचं, धड्याचं नाव, पान बदललं की पानाचा आकडा. आकृती आली की नुसतं "आकृती पाहा" म्हणून पुढे जायचं नाही, ती बोलून दाखवायची : डावीकडे चंचुपात्र, त्याला नळी, नळीचं दुसरं टोक उजवीकडच्या भांड्यात. तक्ता ओळीने वाचायचा की रकान्याने, ते आधी विद्यार्थ्याला विचारून घ्यायचं. वरळीला नॅबचं (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) मोठं काम आहे, आणखीही संस्था आहेत.

सांताक्रूझ_पूर्व

माई, परीक्षेला लेखनिक म्हणून जाता येईल का? अक्षर चांगलं आहे माझं.

माहीमची_माई

चौकशी करा, पण बऱ्याच परीक्षांत लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं असा नियम असतो. म्हणून आपल्यासारख्या पदवीधरांपेक्षा शाळकरी मुलं लागतात. वाचून दाखवायला आणि मुद्रणाला ती अट नाही. विज्ञान आणि अर्थशास्त्र वाचणारे फार कमी मिळतात. मुलुंडकर, बँकेतल्या माणसाने अर्थशास्त्र वाचलं तर मुलांचं भलं होईल.

चेंबूर_एकटा

सगळे प्रतिसाद वाचले. माझं थोडं निराळं आहे. पत्नी दोन वर्षांमागे गेली, मुलगी परदेशी. सकाळ-संध्याकाळ माणसं भेटतात. दुपारी एक वाजता ताट घेतलं की समोर कोणी नसतं. बऱ्याचदा उभ्यानेच डब्यातून खायचो.

खालच्या मजल्यावर एक गुजराती आजोबा, तेही एकटेच. एकदा त्यांच्याकडे लिफ्टचं काही विचारायला गेलो तर तेही ओट्याजवळ उभ्यानेच खात होते. आता आम्ही एकत्र बसतो. एक दिवस माझा डबा त्यांच्याकडे, एक दिवस त्यांच्याकडचं खमंग काहीतरी माझ्याकडे. जेवताना बोलणं होतंच असं नाही. पण ताट, वाटी, पाण्याचं भांडं मांडून जेवतो.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी आपल्या पोलीस ठाण्यात नाव नोंदवावं. मुंबई पोलिसांची ज्येष्ठांसाठी १०९० ही हेल्पलाइन आहे, आणि देशभरासाठी १४५६७. मी नोंदवलंय, शिपाई येऊन चौकशी करून जातात.

विक्रोळीकर_काकू

दादा, लिहिलंत ते बरं केलंत. चेंबूर विक्रोळीहून लांब नाही. पुरणपोळीच्या दिवशी दोघांचा डबा पाठवते, पत्ता मला खाजगीत कळवा.

टेलिफोनवाला

चेंबूरकरांनी पोलिसांचा विषय काढला म्हणून. दुपारी घरात एकटं कोणीतरी म्हातारं माणूस असतं हे फसवणूक करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. आमच्या इमारतीत एका मावशींना व्हिडिओ कॉल आला, समोर गणवेशातला माणूस, "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, कॅमेरा बंद करायचा नाही, कोणाला सांगायचं नाही". मावशी घाबरून तीन तास बसून होत्या. दूधवाल्याने बेल वाजवली म्हणून सुटल्या. डिजिटल अटक नावाचा प्रकार कायद्यातच नाही, हे प्रत्येकाने घरातल्या ज्येष्ठांना बजावून सांगा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

त्यानंतर मी दुपारी सोसायटीच्या ऑफिसात बसायला लागलो. ज्याला मोबाइलचं काही अडेल त्याने यावं. बिल भरणं, मोठी अक्षरं करणं, नको ते अॅप काढणं. नोव्हेंबरात तर रीघ लागते, कारण हयातीचा दाखला. जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन दाखला, २०१४ पासून आहे, आता चेहरा दाखवूनही निघतो, बोटांचे ठसे झिजलेल्यांची मोठी सोय झाली. खिडकीच्या बाजूला तोंड करून बसवायचं आणि "आजी, डोळे मिटा, उघडा" म्हणायचं. ८० च्या वरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, ते आधी उरकतो.

मुलुंडकर

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे मला सेक्रेटरी व्हा म्हणून आग्रह चाललाय. पुनर्विकासाची बोलणी आहेत.

गोरेगावकर

नको!

लालबागची_सून

सासऱ्यांचा अनुभव : नको.

फोर्ट_ते_बोरिवली

मी होतो सेक्रेटरी, म्हणून थोडं सविस्तर. काम महत्त्वाचं आहे आणि जाणत्या माणसांनीच करायला हवं. सहकारी संस्था कायद्याच्या ७९ अ खालच्या पुनर्विकासाच्या सूचना वाचणं, निविदा, चटईक्षेत्राची मोजणी, भाड्याची हमी, यात बँकेतला माणूस असेल तर सभासदांचा फायदाच आहे. पण ते दुपारपुरतं राहत नाही. रात्री अकराला दारावर टकटक होते. समितीत सभासद म्हणून जा, कागद वाचा, आकडे तपासा, सेक्रेटरी तरुण माणसाला करा.

आता माझी दुपार. मी मोडी शिकलो. घरात आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत खरेदीखतं होती, वाचता कोणालाच येत नव्हती. वर्ग लावला. आधी वाटलं, बाराखडी पाठ केली की झालं. छे! मोडीत आधी पानभर आडव्या रेघा मारतात आणि अक्षरं खाली टांगत जातात, हात न उचलता. दोन शब्दांत मोकळी जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एक अख्खी ओळ म्हणजे एक सलग दोरा. तो कुठे तोडायचा ते अर्थावरून ठरवायचं. एका ओळीवर आख्खी दुपार गेली आहे माझी, "बिता" हा शब्द, म्हणजे बितपशील, पुढे तपशील येतो याची खूण, एवढं उमगायला. आणि मग एकदम पुढचं सगळं सरसर उलगडलं : विहिरीतला हिस्सा, आंब्याची दोन झाडं, साक्षीदारांची नावं, खाली नांगराची निशाणी.

फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे मोडीतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बघितले की वाटतं, वाचणारी माणसं फार कमी आणि कागद डोंगराएवढे. निवृत्त माणसांनी यात यायलाच हवं. आपल्याकडे वेळ आहे, आणि हिशेबाचे जुने शब्द आपल्या कानांवरून गेलेले आहेत. बँकवाल्याला तर जमाखर्चाची कागदपत्रं लगेच कळतील.

झोपाळू

फोर्ट_ते_बोरिवली, हे वाचून खरोखर झोप उडाली. वर्ग कुठे लागतात ते कळवा.

ठाणे_खाडी

उशिरा आलो धाग्यावर. दुपारी करता येईल असं एक मुंबईतच आहे : शिवडीचे फ्लेमिंगो. लोक पहाटे जातात आणि भरती असेल तर हात हलवत परत येतात. पक्षी चिखलात खातात, म्हणून चिखल उघडा हवा. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे महिन्यातले काही दिवस ती बरोबर दुपारीच येते. भरतीचं वेळापत्रक बघून निघायचं. हिवाळ्यापासून मेपर्यंत असतात. नोकरदारांना आठवड्यात दुपारी जमत नाही, आपल्याला जमतं. मी मोजणीच्या नोंदी ठेवायला शिकलो ते बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) लोकांबरोबर फिरून. संस्था १८८३ सालची आहे, पण नवख्याला हाकलत नाहीत.

मुलुंडकर

सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगतो. माईंनी सांगितल्याप्रमाणे अर्थशास्त्राचं अकरावीचं पुस्तक आणलं, पहिला धडा मुद्रित करून त्यांच्याकडे पाठवतो, उच्चार-वेग तपासून सांगा. घरात मीटिंगा चालतात म्हणून मुद्रण गच्चीवरच्या खोलीत. परळ_नाका, एक वार तुमच्याबरोबर येऊन बघायची इच्छा आहे, संस्थेची परवानगी लागेल ती घेतो. सेक्रेटरीपद नाकारलं, पुनर्विकास समितीत बसतोय.

आणि शिवडीला बायको यायचं म्हणते आहे. ओहोटी दुपारी कधी?

ठाणे_खाडी

पुढच्या बुधवारी अडीचच्या सुमाराला आहे. हार्बरवर शिवडीला उतरा, पूर्वेला बाहेर या, जेट्टीपर्यंत टॅक्सी मिळते. अटल सेतू तिथूनच सुरू होतो, खूण चुकणार नाही. टोपी आणि पाणी घ्या, सावली अजिबात नाही. जादा दुर्बीण माझ्याकडे आहे, वहिनींसाठी आणतो.

चेंबूर_एकटा

बुधवारी आम्ही दोघेही येतो. हार्बरच आहे, चेंबूरहून सरळ गाडी. थेपले आजोबांकडून.